वळणावरची हिकरी

आर्डिथने करवतीचं यंत्र बंद केलं, तेव्हा कुठे तिला मागून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू आला. धुकं अजून खोऱ्यातून उठलं नव्हतं. वळणाच्या कडेला हिकरीचं झाड तुकडे होऊन पडलं होतं. रस्तेवाल्यांनी परवा ते पाडलं आणि तिथंच टाकून गेले. वरच्या फांद्या उभ्या झाडावरच वाळलेल्या होत्या. त्या कापून तिने अर्धा पिकअप भरला होता.

"गाडी थांबतेय," नेल्डा म्हणाली. ही आर्डिथची नणंद. ती गुडघे टेकून पानांखालची हिकरीची फळं वेचत होती. अक्रोडापेक्षा लहान, पण दगडासारखी टणक. तिने मान वर केली आणि आवाज एकदम खाली आणला. "वहिनी, डेल्मर आहे."

महिन्याभरापूर्वी डेल्मर स्टिडमच्या मुलीची गाडी याच झाडावर आदळली होती. अठरा वर्षांची पोर. दवाखान्यापर्यंतही पोचली नाही.

"चल, निघू या," नेल्डा कुजबुजली. "काय म्हणेल तो? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात म्हणेल."

"म्हणू दे." आर्डिथने करवत खाली ठेवली. घरी तिचा नवरा एल्झी खाणीची धूळ छातीत घेऊन खाटेवर पडला होता. शेगडी विझली की त्याचा श्वास अडकायचा. "मला लाकूड हवंय, नेल्डा."

डेल्मर गाडीतून उतरला. दाढी वाढलेली, कोटाची बटणं खालीवर लावलेली. त्याने दोघींकडे बघितलं, पिकअपकडे बघितलं.

"मावशी."

"डेल्मर. तुला नको असेल तर सगळं उतरवून ठेवते. राग नाही येणार मला."

"मला काय करायचंय त्याचं? मीच पाडायला लावलं. तीनदा गेलो त्या रस्तेवाल्यांच्या हापिसात. शेवटी टेबलावर बसून राहिलो, तेव्हा उठले लेकाचे." तो एका ओंडक्यावरून दुसऱ्याकडे चालत गेला. "वाटलं, झाड गेलं की इथून गाडी नेता येईल मला. काल आलो. नाही नेता आली."

त्याच्या बुटाखाली एक फळ आलं. त्याने वाकून ते उचललं.

"लहानपणी माझी रोझाना इथंच यायची वेचायला," तो म्हणाला. "निम्मी वाटेतच दगडाने फोडून खायची. घरी टोपली रिकामी."

नेल्डाने आपली फळांची बादली हळूच पाठीमागे सरकवली.

बुंध्याचा तुकडा इतरांपासून वेगळा पडला होता, कमरेएवढा रुंद. एका बाजूची साल सोललेली, आतलं लाकूड फाटलेलं, आणि फटीत गाडीचा निळा रंग घासलेला. डेल्मर त्याच्यापुढे थांबला.

"हा का सोडलात?"

"त्यात काचा आहेत," नेल्डा बोलून गेली. "करवतीच्या साखळीचे दात जातात."

आर्डिथने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा डेल्मर त्यांच्या पिकअपमधला घण आणि लोखंडी पाचर काढत होता.

त्याने पाचर बुंध्याच्या बरोबर मधोमध ठेवली आणि घण घातला. पाचर उडून गवतात पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा घातला. हिकरीचे धागे दोरासारखे पिळलेले असतात, ती अशी फुटत नाही. पण तो मारत राहिला. घाव कुठेही पडत होते, आणि दर घावाला त्याच्या घशातून जो आवाज येत होता तो ऐकून नेल्डा पाठ फिरवून उभी राहिली. शेवटी घण हातातून निसटला. डेल्मर ओंडक्यावर दोन्ही हात टेकून धापा टाकत राहिला.

आर्डिथ पाचर शोधून घेऊन आली.

"मधे नाही," ती म्हणाली. "काठाकाठाने घ्यायचं. मी धरते. सावकाश मार."

"बोटं जातील तुझी."

"म्हणून तर म्हणते, सावकाश."

त्याने सावकाश मारलं. पहिली फळी करकरत सुटली. मग दुसरी. तासभर दोघं त्या बुंध्याभोवती फिरत होती, नेल्डा फळ्या ओढून बाजूला रचत होती. काचेचे तुकडे निघाले ते आर्डिथने तळहातावर घेतले. कुठे टाकावेत कळेना, तेव्हा रुमालात बांधून तिने खिशात ठेवले. डेल्मरने ते बघितलं आणि पुन्हा घण उचलला.

सगळ्या फळ्या त्याने स्वतः पिकअपमध्ये चढवल्या. निळा रंग लागलेली शेवटची राहिली. ती हातात घेऊन तो म्हणाला, "ही आधी जाळ, मावशी. आजच जाळ."

आर्डिथला खोटं बोलता आलं असतं. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन, जळली म्हणून सांगता आलं असतं.

"आज नाही जळणार रे," ती म्हणाली. "फांद्या वाळल्यात, बुंधा ओला आहे. नुसता धूर होईल, आणि एल्झीला धूर सोसत नाही. वर्षभर वाळवावी लागेल."

"वर्षभर."

"पुढच्या थंडीत. तोवर मागच्या अंगणात ठेवते, वर ताडपत्री घालते. तुला दिसायची नाही."

डेल्मरने फळी इतरांवर ठेवली. हात मात्र तिच्यावरच राहिला. धुकं विरळ होऊन रस्ता दिसायला लागला होता.

"मागे नको," तो म्हणाला. "पुढे ठेव. रस्त्यावरून दिसेल अशी."