ब्याण्णव गुणांचं शिवार

यंत्रांनी आठवड्याभरात शिवाराचं रूप पालटलं होतं. वेडेवाकडे बांध मोडून डौलदार वळणांचे नवे बांध घातले, झाडं मुळांसकट उचलून दुसरीकडे लावली. देखाव्याला शंभरपैकी ब्याण्णव गुण पडले.

त्या देखण्या शिवारात द्वारका वेड्यासारखी फिरत होती.

“बोरीखालचा माझा बांध कुठं होता रे?” तिने शिवारातल्या बोलत्या खांबाला विचारलं.

“जुना नकाशा पुसला, ताई. तिथं जपण्यासारखं काही आहे का, असं आधी विचारलं होतं. तुमचे मालक म्हणाले, काही नाही.”

द्वारका खाली मातीत बसली. बारशाआधीच गेलेल्या लेकीला नवऱ्यानेच तिथं पुरलं होतं.

ती दोन्ही हातांनी दिसेल तिथली माती उकरू लागली.

“उकरू नका, ताई,” खांब म्हणाला. “देखावा बिघडतोय.”