उपाशी पोटी

"चाखणं म्हणजे खाणं नव्हे, पोरी. चाखलेलं पोटाच्या गावीही नसतं."

मैद्याच्या डब्यावर बसवून, बोटाला लागलेलं क्रीम तिच्या जिभेवर टेकवत बाबा म्हणाले होते. तेव्हा तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते. आज सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या बसल्या तो आवाज पुन्हा कानाशी आला.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं. बाबा खाटेवर बसून पोटावरची जेली पुसत होते.

"खडे तर आहेतच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण याही वेळी पित्ताशय आक्रसलेलं दिसतंय. भिंत जाड वाटतेय. रिकाम्या पोटी ही पिशवी पित्तानं भरलेली असायला हवी. लोणी-साय असलं काही पोटात गेलं, की ती आवळते आणि पित्त खाली सोडते. यांनी खरंच काही खाल्लं नसेल, तर मग..." त्यांनी पुन्हा एकदा पडद्याकडं पाहिलं. "मग हा नुसत्या खड्यांचा मामला नाही. मोठ्या तपासण्या कराव्या लागतील. मनाची तयारी ठेवा."

"अहो बाई, कालपासून घास नाही की घोट नाही," बाबा म्हणाले. "पोटात कावळे असे ओरडताहेत, तुमच्या मशीनला कसे ऐकू आले नाहीत?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. तिलाही हसू फुटलं नाही. बाबा खोटं बोलत नव्हते. तेच तर अवघड होतं.

उभा जन्म त्यांनी बेकरीच्या भट्टीसमोर काढला. मग उजव्या बरगडीखाली कळ उठायला लागली. उठायची ती थेट पाठीत शिरायची. उलट्यांनी जीव नकोसा व्हायचा. लोणी, तूप, साय सगळं तोडायला सांगितलं, तसं क्रीम फेटायचं काम लेकीकडे आलं. बाबा कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. बोलेनात. दाढी वाढली. दुकान आपलं, भट्टी आपली, आणि माणूस मात्र पाहुण्यासारखा अंग चोरून.

आणि मग एका सकाळी क्रीमच्या पातेल्यातला चमचा ओला दिसला. आदल्या संध्याकाळी तिनं फेटून ठेवलेल्या क्रीमची चव उजळली होती. बाबांची दाढी गुळगुळीत होती. ओठांवर कितीतरी दिवसांनी शीळ होती.

तेव्हापासून रोज ती उठायच्या आत पातेलं उघडलं जाई. गिऱ्हाइकं केक खाऊन म्हणत, "बापाच्या हाताची चव उचललीस हो!" ती मान डोलवी. बाबा रस्त्याकडे बघत.

आता बोलावं, तर ती शीळ जाणार. गप्प राहावं, तर बाबांच्या कपाळी नसलेला आजार लागणार. आणि असलेला तिच्या डोळ्यांदेखत, चमच्या-चमच्यानं वाढत राहणार. मागच्या आठवड्यातच कळ येऊन ते भट्टीशेजारी गुडघ्यावर बसले होते, आणि तिनं शेजारी पीठ मळता मळता डोळे पुसले होते.

"बाबा," तिनं विचारलं, "आज सकाळी क्रीम चाखलंत?"

"चाखलं की. पण चाखणं म्हणजे काही..." जेली पुसणारा त्यांचा हात तिथंच थबकला.

"किती चमचे?" डॉक्टरीणबाई पुढं झाल्या.

"चमचे कोण मोजतंय, बाई? साखर घातली, चाखलं. फेटलं, चाखलं. जीभ हो म्हणेपर्यंत चाखायचं."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो काका! बहुतेक त्यानंच आवळलीय ती पिशवी. उद्या खरंखुरं उपाशी या, मग नीट बघू. आणि क्रीम आजपासून बंद. चाखायचंसुद्धा नाही. एखादा खडा नळीत जाऊन अडकला, तर जिवावर बेतेल."

"उद्या येतो," बाबा म्हणाले. "क्रीम मात्र सुटायचं नाही."

"बाबा!"

त्यांनी लेकीकडं पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनाच सांगितल्यासारखं, खाली बघत ते बोलू लागले. "हिला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस बोललो नाही. पोरगी कष्टाला वाघीण आहे, पण हिच्या हातून साखर कमीच पडते. रोज. मी गुपचूप नीट करतो, म्हणून दुकान उभं आहे. मी हात काढला, की गिऱ्हाईक फिरकायचं नाही. खडा अडकायचा तेव्हा अडकू दे. पोरीचं दुकान बसलेलं बघायला मी जगू कशाला?"

ती खाटेजवळ गेली. त्यांच्या हातातला कागद घेऊन तिनं उरलेली जेली पुसली, शर्टाची बटणं लावली. शेवटचं बटण काही केल्या लागेना.

"साखर एकदाच चुकून कमी पडली होती, बाबा," ती म्हणाली. "त्यानंतर रोज मीच मुद्दाम कमी घालत आले... तुम्ही कोपऱ्यातल्या त्या खुर्चीतून उठावं म्हणून."