डेटाबेसची साफसफाई

वर्षभराची बाळंतपणाची रजा संपवून इल्वा गोथेनबर्गच्या ऑफिसात परतली. डेटाबेस सांभाळणं हेच तिचं काम. कॉफीच्या टेबलाशी तिचा विभागप्रमुख तुरब्यर्न तोंडात दालचिनीचा बन कोंबून अक्कल पाजळत होता.

"आता डेटाबेस स्वतःच स्वतःला सांभाळतो, बाई! तू नुसती देखरेख करायची. वर्षभरात ज्यांनी त्यात काडीचंही काम केलं नाही, त्यांची अकाउंटं तो आज दुपारी आपणहून बंद करणार. फुकटे कोण ते कळेलच!"

इल्वा मनातल्या मनात हिशेब करू लागली. रजेवर असताना याच्याच रडक्या फोनांपायी, बाळाला मांडीवर घेऊन केलेली कामं धरली जातील ना?

दुपारी तिने जीव मुठीत धरून पासवर्ड टाकला. अकाउंट उघडलं.



"इल्वा, अगं," काचेच्या केबिनमधून तुरब्यर्न ओरडला, "माझं का उघडत नाहीये?"