अहवालाचं पहिलं पान

अहवाल हातात येऊन पाच मिनिटं झाली, तरी संस्थेचे अध्यक्ष रूपचंदशेठ यांनी पान उलटलं नव्हतं.

पहिल्या पानावर तो फोटो होता. लॉजची खोली, कुणी अनोळखी पुरुष आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलेली काजल. फोटो खरा की खोटा हे तपासणाऱ्यांनी तिच्या बोटांभोवती, कानातल्याभोवती लाल गोल काढले होते. महिन्यापूर्वी हा फोटो गावागावांत फिरला आणि शाळेनं काजल मॅडमना निर्णय होईपर्यंत घरी बसवलं.

"निकाल दुसऱ्या पानावर आहे, शेठजी," काजल म्हणाली.

"हो, हो." कागद शेजारी सरकला. सात सभासद. प्रत्येकानं चष्मा नीट करून पहिलं पान पाहिलं. काजल टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. उठून जाता येत नव्हतं. ही बैठक तिनंच अर्ज करून मागितली होती.

शेवटी सभासदांपैकी गोकुळआप्पांनी पान उलटलं. "या कागदमा मॉडेलनं नाव शे. ही बाई कोन?"

"बाई नाही, आप्पा," काजल म्हणाली. " चित्रं बनवणारा संगणकाचा प्रोग्रॅम आहे. हा फोटो त्याच्याकडून बनवून घेतलाय."

"कोनी?"

"ते यातून कळत नाही."

काजलचा चेहरा शाळेतल्या झेंडावंदनाच्या फोटोतून उचलला होता. तो मूळ फोटो शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपबाहेर गेलाच नव्हता. त्यात हे सातही जण तिच्या मागे उभे होते.

"चला, तुमच्यावरचा डाग गेला," रूपचंदशेठ म्हणाले. "सोमवारपासून या. मूळ प्रत फाइलला राहू द्या, आणि सभासदांना एकेक झेरॉक्स."

"फोटोसकट?"

"अहवाल पूर्णच लागतो, मॅडम."

ऑफिसातल्या मशीनमधून ते पान आठ वेळा बाहेर आलं, गरम. आठवी प्रत तिची.

फाटकाशी मोटारसायकल लावून तिचे वडील छगन उभे होते. त्यांच्या साध्या मोबाइलवर तो फोटो कधी आलाच नव्हता, आणि दाखवायची हिंमत त्यांच्या गावात, कळसाडीत, कुणी केली नव्हती.

"काय लिखेल शे वं माय? आन, देखू दे."

त्यांनी हात पुढे केला. काजलनं कागद छातीशी धरले.

"मीच वाचीसन दाखाडस, आबा," ती म्हणाली, आणि दुसऱ्या पानापासून वाचायला लागली.