तेलातला भुसा

ट्रकाखालचा नट सुटला आणि गिअर बॉक्सचं तेल घमेल्यात पडायला लागलं. काळं, जळकं. उताण्या पडलेल्या चाँदपाशानं त्यात बोट बुडवलं आणि उन्हात धरलं. बोटावर लोखंडाचा बारीक चुरा चमकत होता.

"काय हाय?" त्याच्या बायकोनं, जमिलाबीनं वाकून विचारलं.

"दातं झिजल्यात. दुसरं काय असणार?"

ते काही नवं नव्हतं. दुसऱ्या गिअरला ट्रक असा खरवडायचा की अख्ख्या बेंबळी गावाला कळायचं, पाशा आला. तिसरा तर उतारावर आपोआप सुटायचा. पण आज अकराच्या एस.टी.नं साखर कारखान्याचे आबाराव गाडी तपासायला येणार होते. पाऊस नाही, विहिरी कोरड्या, ऊस निम्मा उभ्या जागी वाळलेला. म्हणून कारखाना यंदा निम्म्याच गाड्या ठेवणार होता. ज्याची गाडी वाजली त्याचं नाव गळलं. मग ट्रक दारात लावा आणि त्याच्यावर कोंबड्या बसवा!

म्हणून तर हा उद्योग घरी चालला होता, अंगणाला ताडपत्रीचा आडोसा करून. गॅरेजवाल्याकडं नेला असता तर झालंच. त्या माणसाचं तोंड म्हणजे गावची दवंडी. युक्ती ट्रकवाल्यांची, जुनीच. नव्या तेलात लाकडाचा बारीक भुसा कालवायचा आणि गिअर बॉक्समध्ये भरायचा. भुसा दातांच्या फटीत शिरतो, खरखर बंद. आवाज तेवढा बसतो हं, झिजलेले दात काही भरून येत नाहीत. पण पुढचं बघायला दुष्काळात सवड कुणाला आहे?

बिभीषण सुताराकडून चुलीसाठी आणलेला भुसा जमिलाबी पिठाच्या चाळणीनं चाळत होती. मधेच तिचा हात थांबला.

"अन् घाटात गिअर सुटला तर?"

"ब्रेक हाय की. अन् न्हाईच थांबली तर म्या उडी मारीन. ऊस पडंल, पडू दे. उसाला काय लेकरंबाळं हायत?"

"तुमाला तर हायत."

"त्यांच्यासाठीच करलालो न्हवं! चाळ गुमान."

तिनं चाळला. त्यानं तो तेलात कालवला, रबरी नळीनं बाजूच्या भोकातून आत भरला, नट घट्ट आवळले. हात धुवायला पाणी कुठलं? मातीनंच घासले. मग एस.टी.ची वाट बघत बसला. बसला कसला! उठला, ट्रकाला चक्कर मारली, विडी पेटवली, विझवली, उगाच कोंबड्यांना हुश् हुश् केलं.

एस.टी. तासभर उशिरा आली. आबाराव छत्री मिटत अंगणात आले. मनानं भला माणूस, कुणावरही विश्वास टाकणारा. "आधी गाडी, मग चहा," म्हणाले आणि थेट केबिनमध्ये चढले. नदीपर्यंत जाऊन यायचं ठरलं. वाटेत आबाराव डोळे मिटून, मान वाकडी करून गाडी ऐकत होते. चाँदपाशा तिसऱ्या गिअरचा दांडा गुडघ्यानं दाबून धरत होता. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

परत आल्यावर आबारावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"पाशाभाई, झ्याक! सकाळधरनं बघितलेल्या सगळ्या गाड्यांच्या पोटात जातं फिरतंय. तुमची तर हूं का चूं करीना!"

चाँदपाशाला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. "मंग ऊस भरायला कवा येऊ, साहेब?"

"उसाला न्हाई वो. ऊस काय, कुठलंबी डबडं ओढंल. तुमी आत्ताच ईट गावाला जावा. तिथनं ऊसतोडीची टोळी आणायची, बायालेकरांसकट. सांजच्याला ढोकीला कारखान्यावर पोचवा. वाटंत घाट हाय, म्हणून तर म्या भरवशाची गाडी हुडकत होतो."

सांगायचं तर हीच वेळ होती. चाँदपाशानं तोंडही उघडलं.

"बरं, साहेब. निघतोच."

बाहेर आलं ते एवढंच! माणसाचं तोंड पोटाच्या चाकरीत असतं, दुसरं काय!

तो केबिनमध्ये चढला, इंजिन सुरू केलं. जमिलाबीनं आबारावांच्या हातात चहाचा पेला दिला. सगळं तिनं दारामागून ऐकलं होतं. ती घरात गेली आणि लगेच बाहेर आली. डोक्यावर पदर, कडेवर धाकटी, हाताला थोरला. दाराला कडी लावली आणि ट्रकाची दुसरी बाजू गाठली.

"कुठं?" चाँदपाशा ओरडला.

"ईटला."

"आगं, काय याड लागलंय का तुला?"

तिनं थोरल्याला वर चढवलं, मागोमाग धाकटीला घेऊन स्वतः चढली आणि दार ओढून घेतलं. "परक्या बाया लेकरं घिऊन बसणार हायत न्हवं ह्या गाडीत? मग म्या का नको?"

"न्हेवा की पाशाभाई!" आबाराव खालून हसत म्हणाले. "वैनीलाबी तेवढीच हवापालट!"

जमिलाबी हसली नाही. ती समोर रस्त्याकडं बघत होती. तिनं धाकटीला मांडीवर ओढून घेतलं.

"टाका गिअर," ती म्हणाली.

चाँदपाशानं क्लच दाबला. हात दांड्यावर गेला आणि तिथंच राहिला. आईच्या मांडीवरून धाकटी पुढं वाकली. तिला वाटलं, अब्बा खेळतोय. तिनं दोन्ही हात त्याच्या हातावर ठेवले आणि सगळा जोर लावून दांडा पुढं ढकलायला लागली.