श्वास हुंगणारं दार

दाराने जैबुनचा श्वास हुंगला, पण ते उघडलं नाही. "सौम्य संसर्ग आहे," दार म्हणालं. जैबुनने लस घेतली होती, तिला साधी शिंकही नव्हती. पण आत तिची बालमैत्रीण यमू होती. यमूला नवं मूत्रपिंड बसवलं होतं आणि त्यासाठीच्या औषधांमुळे तिला लस लागू पडत नव्हती.

ओसरीवरच्या खिडकीच्या काचेआडून यमू हसली. "शाळेत एकच कैरी दोघी चावून खायचो, आठवतं?"

"आणि तुझा गोवर मला झाला!"

"एकाच गोधडीत पंधरा दिवस काढले आपण. काय मजा होती!" यमूचे डोळे भरून आले. "मागचं दार जुनं आहे, ते हुंगत नाही. ये ना."

जैबुन दोन पावलं गेली आणि परत फिरली.

"नको गं. तेव्हा आपल्याला काही कळत नव्हतं."

तिने ओसरीवरची खुर्ची काचेला भिडवली आणि ती संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिली.