कडीला बांधलेली सुतळी

ओला कचरा हिरव्या बादलीत, सुका निळ्या बादलीत. सरमिसळ सापडली, तर त्या घराचा कचरा आठवडाभर उचलायचा नाही. हा सगळ्यांना सारखा नियम नगरपालिकेत मीच सुचवला होता. तपासणीही माझ्याकडेच आली. एका चाळीत जिन्याखालच्या बादल्यांच्या रांगेत शिंपीकाकांच्या हिरव्या बादलीत भाजीच्या देठांबरोबर चिंध्या निघाल्या. "काका, रंग बघून टाकत जा." "दिसत असतं तर सुई सोडली असती का?" मी ओशाळलो. हाताला कळावं म्हणून त्या बादलीच्या कडीला सुतळी बांधली. "चुकलं तरी सांभाळून घेऊ." काकांची शेजारीण दारातून बघत होती. पुढच्या तपासणीला रांगेतल्या प्रत्येक बादलीला सुतळी आणि प्रत्येकीत सरमिसळ. "सवलत द्यायची तर सगळ्यांना सारखी द्या," शेजारीण म्हणाली. तेवढ्यात काका देठं घेऊन आले, एकेक कडी चाचपत गेले आणि थांबले. "साहेब, यातली माझी कुठली?"